'परिसर' म्हणजे नक्की काय?

आमच्याकडे येणाऱ्या लेखांत एक वाक्य वारंवार भेटते: 'परिसराच्या प्रभावामुळे या दीर्घिकेतील तारानिर्मिती थांबली.' वाक्य चुकीचे नाही, पण ते काहीच सांगत नाही.

दाट वस्तीत लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे प्रमाण वाढते, हे ॲलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये ५५ समूहांच्या पाहणीतून दाखवले. तो सहसंबंध होता, कारण नव्हे. कारणे पाहायची तर आधी गन आणि गॉट यांचा १९७२ चा रॅम दाब आठवावा. समूहातल्या कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूतून दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने जाते आणि तबकडीतला थंड वायू तिच्यामागे सांडत जातो. नॉर्मा समूहातल्या ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेचे लांबलचक शेपूट त्याचाच पुरावा. गंमत अशी, की ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीने जेओ २०१ या दीर्घिकेच्या शेपटांत कोवळे तारे टिपले. विझता दिवा मोठा होतो, तसेच काहीसे. एवढ्यावरून 'परिसराने तारानिर्मिती वाढवली' असे लिहिणारेही निघतीलच!

गळचेपीची तऱ्हा निराळी. इथे दीर्घिकेतला वायू कोणी ओरबाडत नाही, फक्त बाहेरून येणारा पुरवठा तुटतो. ताज्या हायड्रोजनअभावी उरलेला वायू पातळ होत नाही, त्यामुळे नंतरच्या ताऱ्यांत जड मूलद्रव्ये साचतात. हीच खूण धरून पेंग, मायोलिनो आणि कॉक्रेन यांनी २०१५ मध्ये विझायला सरासरी सुमारे ४ अब्ज वर्षे लागतात असा हिशेब मांडला. पण पुरवठा शेजाऱ्यांमुळेच तुटला कशावरून? मोठ्या दीर्घिकेत केंद्रातले कृष्णविवरही भोवतालचा वायू तापता ठेवून तेच साधू शकते.

म्हणून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा २०२० चा निष्कर्ष मोलाचा वाटतो. ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून मिळालेले चित्र असे: सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वी त्यांच्याकडचा अणुरूप हायड्रोजन तेव्हाच्या तारानिर्मितीच्या वेगाने जेमतेम एक-दोन अब्ज वर्षे पुरला असता. म्हणजे भर पडायची थांबली, की गर्दी नसतानाही चूल विझणारच.

तेव्हा लेखकांना विनंती, की परिसर कशाने मोजला ते पहिल्याच परिच्छेदात लिहावे: पाचव्या शेजाऱ्याच्या अंतराने, समूहाच्या वस्तुमानाने, की केंद्रापासूनच्या अंतराने. आणि थंड वायूचे मोजमाप हाताशी नसेल, तर 'थांबली' ऐवजी 'मंदावलेली दिसते' एवढेच लिहावे.