‘छान आहे’च्या पुढें

गोष्ट किंवा कविता वाचून झाल्यावर आपल्या घरांत काय बोलणें होतें, याकडे वाचकांनीं एकदां लक्ष द्यावें. ‘छान आहे’ किंवा ‘कांहीं समजलें नाहीं’ या दोन वाक्यांपलीकडे बहुधा कोणी जात नाहीं. आमटींत मीठ कमी पडलें तर तें तत्काळ ओळखणारी जीभ आपणांस आहे. लुगड्याचा पोत नुसत्या बोटांनीं पारखणाऱ्या गृहिणी घरोघर आहेत. परंतु कवितेविषयीं बोलण्याची वेळ आली कीं हीच पारख कोठें दडून बसते कोण जाणे! आवडलें तें कां आवडलें हें सांगतां येणें, ही कांहीं पंडितांची मिरासदारी नव्हे. तें शिकतां येतें आणि शिकवितांहि येतें. मात्र शिकवितांना आम्ही स्वतः कसे चुकलों, तें आज सांगावयाचें आहे.

आमची पुतणी बारावीच्या वर्गांत आहे. तिला बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेचें रसग्रहण लिहावयाचें होतें. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती वही घेऊन आमच्यापाशीं आली आणि म्हणाली, “काका, ही कविता वाचून मला भीति वाटली.” आम्ही हंसलों. “अग, भीति कसली? हें निसर्गवर्णन आहे. येथें शांत रस आहे,” असें सांगून आम्हीं पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घातलें.

चार दिवसांनीं वही सहज पाहण्यांत आली. कवि निसर्गाचा उपासक आहे, चित्र मनोहर आहे, शब्दयोजना समर्पक आहे, कल्पना रम्य आहेत, असें सुवाच्य अक्षरांत दोन पृष्ठें लिहिलें होतें. त्यांतील एकहि वाक्य तिचें नव्हतें. सारें मार्गदर्शक पुस्तिकेंतून उतरून घेतलेलें. तीं वाक्यें कोणत्याहि कवितेस चिकटवावीं, बेमालूम बसतील. “तुझी ती भीति कोठें गेली?” असें विचारतां ती म्हणाली, “ती चूक आहे, असें तुम्हीच म्हणालांत ना?” हें उत्तर आमच्या जिव्हारीं लागलें. मुलगी प्रामाणिकपणें एक गोष्ट सांगावयास आली होती. आम्हीं तिला एक पारिभाषिक शब्द देऊन परत पाठविलें, आणि तिनें शहाण्या मुलीप्रमाणें स्वतःचें मन मिटून ठेवलें.

पुढच्या रविवारीं दुपारीं आम्ही सर्वजण माजघरांत ती कविता घेऊन बसलों. कविता अवघ्या आठ ओळींची. ती दोनदां मोठ्यानें वाचावयाची आणि मग प्रत्येकानें तींत काय काय दिसतें एवढेंच सांगावयाचें, असा नियम केला. पहिलीच गंमत येथें झाली. मळ्यांतून निघालेली ती पांढरी पायवाट गांवाकडे जाते, असें वहिनींनीं ठाम सांगितलें. वाट म्हटली कीं ती घराकडे जावयाची, ही आपल्या मनाची सवय! पुन्हां वाचून पाहतां कळलें कीं, ती वाट वस्तीकडे जात नाहीं, काळ्या डोहाकडे जाते.

वहिनींनीं खजील होण्याचें कारण नव्हतें. केंब्रिज विद्यापीठांत आय्. ए. रिचर्ड्स या अध्यापकांनीं आपल्या विद्यार्थ्यांपुढें कवींचीं नांवें काढून टाकलेल्या कविता ठेविल्या व त्यांवर अभिप्राय लिहून घेतले. अशा तेरा कवितांवरील अभिप्रायांची छाननी त्यांनीं 1929 सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. वाङ्मयाचें अध्ययन करणाऱ्या त्या तरुणांपैकीं पुष्कळांना कवितेचा सरळ अर्थहि लागला नव्हता. कवितेंत जें लिहिलें आहे त्याऐवजीं आपल्या मनांत आधींपासून जें होतें तेंच त्यांनीं वाचलें होतें. आपल्याकडे आनंदवर्धनानें नवव्या शतकांतच ‘ध्वन्यालोकां’त सांगून ठेविलें आहे कीं, ज्याला प्रकाश हवा त्यानें आधीं दिव्याच्या ज्योतीची काळजी घ्यावी, त्याचप्रमाणें ज्याला ध्वनि हवा त्यानें वाच्यार्थाचा आदर करावा. आम्हीं पुतणीला एकदम ‘शांत रस’ सांगितला, तेव्हां ज्योत न पेटवितांच उजेड वाटावयास निघालों होतों!

सरळ अर्थ लागल्यावर आम्हीं तिला एकच प्रश्न विचारला: “भीति वाटली ती कोठें?” तिनें बोट ठेवून दाखविलें. आरंभीं कांठांवरची हिरवळ, निळसर झरा, मग पुन्हां मळ्यांचा व कुरणाचा हिरवा रंग, त्यांतून जाणारी वांकडीतिकडी पांढरी वाट आणि त्या वाटेच्या टोंकाला एकदम काळें पाणी. “रंग गडद होत जातात, काका, आणि घरें आहेत, मळे आहेत, वाट आहे, पण माणूस एकहि नाहीं.” आम्ही चकित झालों. हें निरीक्षण आम्हांला इतक्या वर्षांत सुचलें नव्हतें.

तेवढ्यांत आमच्या मातोश्री, म्हणजे तिच्या आजी, म्हणाल्या, “औदुंबर म्हणजे दत्तमहाराजांचें ठाणें. तो तिथें तपाला बसलाय. त्यांत भ्यायचं काय?” आतां पंचाईत आली. आजींचें म्हणणें मोडवत नव्हतें आणि नातीचेंहि खोटें नव्हतें. तेव्हां दोन्ही मतें कवितेवरच घासून पाहिलीं. कवितेंत पार नाहीं, पादुका नाहींत, पूजा नाहीं. दत्ताचें स्मरण आजींच्या मनांतून आलें. तें येणें स्वाभाविक आहे. मात्र लिहितांना तें आपलें म्हणून सांगावें, कवीच्या पदरीं बांधूं नये. पण ‘बसला आहे’ हें आजींनीं अचूक हेरलें होतें. झाड उभें असतें. हें झाड पाण्यांत पाय सोडून माणसासारखें बसलेलें आहे. आणि पाण्यावर पसरलेल्या त्या काळेपणाला कवीनें गोडीचें विशेषण दिलें आहे. नुसती भीति दाखवावयाची असती तर तें विशेषण कशाला? हें पुतणीनें स्वतःच ताडलें आणि आपलें मत थोडें बदललें. कोणी दटावलें म्हणून नव्हे, एका शब्दानें पटविलें म्हणून. टीका लिहावयास शिकणें म्हणतात तें याहून फार निराळें नाहीं.

एक धोका येथें सांगितला पाहिजे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 1907 सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत ‘बालकवि’ ही पदवी मिळाली, आणि 1918 सालीं वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं जळगांवजवळील भादली स्टेशनावर आगगाडीखालीं त्यांचा अंत झाला. हें कळतांच कवितेंतील काळ्या डोहांत कवीचा मृत्यु पाहण्याचा मोह होतो. हळहळ वाटावी, पण कवीला पुढें झालेल्या अपघातावरून आधीं लिहिलेल्या ओळीचा अर्थ लावणें न्याय्य नव्हे. डोहाचा अर्थ डोहाशेजारच्या शब्दांनीं सांगावा, आगगाडीनें नव्हे.

कथा-कादंबरीलाहि ‘कोठें?’ हाच प्रश्न लागू पडतो. त्यास ‘कोण सांगतें?’ हा दुसरा जोडावा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही 1890 सालीं सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः येऊं लागली. लेखक पुरुष, परंतु सारें सांगते ती यमू. तिला वैधव्य आलेलें आहे, केशवपनाचा अत्याचार तिच्यावर झालेला आहे, आणि ती मागें वळून आपली हकीकत सांगत आहे. त्यामुळें मुंबईंतील तिच्या सुखाच्या दिवसांचीं पृष्ठें वाचतांनाहि मनाला चुटपुट लागते. कारण सांगणारीला शेवट ठाऊक आहे. तीच हकीकत लेखकानें त्रयस्थपणें सांगितली असती तर ही चुटपुट लागती ना. नुसतें कथानक पुन्हां सांगणें म्हणजे रसग्रहण नव्हे. यमूऐवजीं शंकरमामंजींच्या तोंडून ही गोष्ट कशी ऐकूं आली असती, असा विचार करून पाहावा, म्हणजे लेखकानें काय साधलें तें चटकन् ध्यानांत येईल.

आतां लिहिण्यासंबंधीं दोन शब्द. पहिलें वाक्य असें असावें कीं, त्यावर कोणी ‘मला नाहीं तसें वाटत’ असें म्हणूं शकेल. ‘कविता सुंदर आहे’ या वाक्याशीं कोणीच भांडत नाहीं, म्हणून तें व्यर्थ. मत मांडलें कीं त्याचा पुरावा असलेला शब्द दाखवावा, आणि तो शब्द काय काम करतो तें एका वाक्यांत सांगावें. आपल्या मताच्या आड येणारी ओळ लपवूं नये. उलट तिच्यापाशींच थांबावें, कारण खरा रस बहुधा तेथेंच असतो. ‘बहारदार’, ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’ हीं विशेषणें लिहून झाल्यावर खोडावीं. खोडल्यानें अर्थ कमी झाला नाहीं तर तीं नकोच होतीं.

पुतणीनें दुसऱ्यांदा जें लिहिलें तें पाऊण पृष्ठ भरलें. त्याचा आरंभ असा होता: ‘या कवितेंतील वाट गांवाकडे न जातां डोहाकडे जाते, म्हणून मला भीति वाटली, पण त्या काळ्या पाण्यांत पाय सोडून औदुंबर स्वस्थ बसला आहे, म्हणून मीहि तेथें थांबलें.’ त्याला गुण किती मिळाले, हें आम्हीं विचारलें नाहीं. आजींनीं मात्र तें दोनदां वाचून घेतलें.

घरांतील वडील मंडळींना आमची एवढीच विनंति आहे. मूल पुस्तक मिटून आपल्याला काय वाटलें तें सांगावयास येईल, तेव्हां हंसूं नये, आणि रसाचें नांवहि सांगूं नये. वर्तमानपत्र बाजूला ठेवावें आणि विचारावें, “कोठें वाटलें तसें? दाखव पाहूं.”