खडा दिसला, म्हणून पित्ताशय काढावे का?



पित्ताशय नावाचा अवयव आपल्याला आहे, याची जाणीव बहुतेकांना सोनोग्राफीच्या अहवालातूनच होते. तपासणी मूत्रपिंडासाठी केलेली असते किंवा वार्षिक आरोग्य-तपासणीचा तो एक भाग असतो. अहवालाच्या मध्यावर एक ओळ छापून येते, 'पित्ताशयात खडे आढळले', आणि घरातले वातावरण पालटते. एक नातलग म्हणतो, ''उद्याच्या उद्या काढून टाका, आत फुटले तर जिवावर बेतेल.'' दुसरा म्हणतो, ''पोटाला भोके पाडून घेऊ नका, पंधरा दिवस रस प्या, खडे विरघळतात.'' ज्याच्या पोटात खडे आहेत त्याला नेमका काय त्रास होतो, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही. माझे म्हणणे असे, की शस्त्रक्रियेचा निर्णय याच प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे. अहवालातली ओळ ही केवळ एक नोंद आहे.

मी स्वतः तीन वर्षे असा मूक खडा बाळगला आणि नंतर पित्ताशय काढून घेतले. थांबण्याचा निर्णय योग्य होता आणि काढण्याचाही. मधल्या काळात खडा तोच राहिला होता. बदलली होती ती माझी प्रकृती.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्ताशय त्यातले थोडे, एका वेळी सुमारे ३० ते ५० मिलिलिटर, साठवते, घट्ट करते आणि स्निग्ध अन्न आले की आतड्यात सोडते. पित्तातील कोलेस्टेरॉल आणि ते विरघळवून ठेवणारे क्षार यांचा तोल बिघडला की खडे धरतात. ज्यांना काहीच त्रास नाही अशा शंभर जणांपैकी वर्षाकाठी जेमतेम दोन-चार जणांना खड्यांचा उपद्रव सुरू होतो. उरलेले बहुसंख्य लोक त्यांच्यासह आयुष्य काढतात. म्हणून केवळ खडे दिसले एवढ्यावरून शस्त्रक्रिया करू नये, हा जगभर मान्य झालेला सर्वसाधारण नियम आहे.

खड्यांची खरी कळ ओळखता येते. ती पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली उठते, बहुधा जेवणानंतर किंवा रात्री येते, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखी टिकते आणि पुष्कळदा उजव्या खांद्यामागे जाते. पोट फुगणे, ढेकर आणि जळजळ या तक्रारींचे खापर मात्र खड्यांवर उगीचच फोडले जाते. नेदरलँड्समधील १०६७ रुग्णांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरानंतरही साधारण चाळीस टक्के रुग्णांचे पोट दुखतच होते, आणि त्यांतील बहुतेकांचे पित्ताशय तोवर काढून झाले होते. शस्त्रक्रियेने पित्ताशय जाते. पोटाची प्रत्येक तक्रार तिच्याबरोबर जाईलच असे नाही.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटनमधून आलेला अभ्यास याहून पुढे गेला. खड्यांमुळे दुखते, पण गुंतागुंत झालेली नाही, अशा ४३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला शस्त्रक्रियेचा सल्ला दिला गेला, तर दुसऱ्याला वेदनाशामके आणि आहाराचे मार्गदर्शन. दीड वर्षानंतर दोन्ही गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि थांबलेल्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांनाच तोवर शस्त्रक्रिया झाली होती. निष्कर्ष आकर्षक आहे, पण तो जपूनच वापरायला हवा. दीड वर्ष हा लहान काळ आहे. शिवाय शस्त्रक्रियेच्या गटातील एक-तृतीयांश रुग्णांनाही त्या अवधीत ती मिळाली नव्हती.

थांबणे जिथे घातक ठरते, तिथला पुरावाही तितकाच स्पष्ट आहे. खडा पित्तनलिकेत उतरून स्वादुपिंडाला सूज आली, तर पुन्हा तसेच होण्याची भीती असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात, सौम्य सूज ओसरताच त्याच भरतीत पित्ताशय काढलेल्यांपैकी ५ टक्के रुग्णांना पुढे गंभीर उपद्रव झाला. महिनाभराने बोलावलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. म्हणून थंडी वाजून ताप, डोळ्यांचा पिवळेपणा, गडद लघवी किंवा न थांबणारी कळ यांपैकी काहीही झाले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. रस आणि तेलाच्या 'सफाई'नंतर शौचातून पडणारे हिरवे गोळे पुष्कळांना खडे वाटतात. प्रयोगशाळेत तपासलेले असे गोळे त्या तेल-रसापासूनच पोटात बनलेल्या साबणाचे निघाले होते. खडे विरघळवणारे औषध अस्तित्वात आहे. परंतु ते लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच चालते, अनेक महिने घ्यावे लागते आणि नंतर खडे पुन्हा होण्याचा संभव मोठा असतो.

आता आपल्या देशाकडे पाहू. युरोपातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पित्ताशयाचा कर्करोग जगात दुर्मीळ मानला जातो, पण गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत तो दुर्मीळ नाही. आसाम, बिहार, उत्तर प्रदेश आणि दिल्ली या पट्ट्यात, विशेषतः स्त्रियांमध्ये, त्याचे प्रमाण दक्षिण भारताच्या मानाने कितीतरी अधिक आहे. टाटा मेमोरियल केंद्राच्या संशोधकांनी २०१७ मध्ये भारतीय रुग्णांत या रोगाशी निगडित जनुकीय फरक दाखवले. आसाम आणि बिहारमधील २०२३ च्या अभ्यासात भूजलातील आर्सेनिकशी त्याचा संबंध आढळला. या रोगाच्या बहुतेक रुग्णांत खडे सापडतात. मात्र खडे असलेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही. या वाक्याचा पूर्वार्धच ऐकवला तर भीती पसरते आणि उत्तरार्धच ऐकवला तर गाफिलपणा येतो.

म्हणून पाटण्यातील किंवा गुवाहाटीतील शल्यविशारदाने चेन्नईतील सहकाऱ्यापेक्षा वेगळा कौल दिला, तर त्याला लगेच धंदेवाईक ठरवू नये. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल, पित्ताशयात एक सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल किंवा भिंतीत चुना साचला असेल, तर त्रास नसतानाही काढण्याकडे कल असणे सयुक्तिक आहे. विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा येथील सिकलसेलच्या रुग्णांत खडे कोवळ्या वयात होतात. त्यांच्या पोटदुखीचा अर्थ लावणे कठीण असते आणि शस्त्रक्रियेची पूर्वतयारीही वेगळी लागते. ''आपण कुठे वाढलात, कोणते पाणी प्यायलात?'' हा प्रश्न आपल्या देशात वैद्यकीय प्रश्न आहे. तो विचारला जावा.

शस्त्रक्रिया सोपी झाली, यातूनही एक पेच निर्माण झाला. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले, तेव्हापासून शतकभर ही मोठ्या छेदाची शस्त्रक्रिया होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढून भारतात नवे पर्व सुरू केले. रुग्णाच्या यातना कमी झाल्या, हे त्या तंत्राचे थोर ऋण आहे. परंतु छेद लहान झाला म्हणून निर्णयही लहान होत नाही. हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या मुख्य पित्तनलिकेला या शस्त्रक्रियेत इजा होते, आणि ती इजा माणसाला आयुष्यभर छळू शकते. म्हणून शल्यविशारदाला निःसंकोच विचारावे, ''आतली रचना स्पष्ट दिसली नाही, तर आपण काय कराल?'' ''थांबेन, मोठा छेद घेईन किंवा ज्येष्ठांना बोलावीन,'' असे उत्तर मिळाले तर ते सावध हाताचे लक्षण समजावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात रुग्णाची संमती माहितीवर आधारलेली असली पाहिजे, हे स्पष्ट केले आहे. आपण प्रश्न विचारतो तेव्हा आपला हक्कच बजावत असतो.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कसे जातात, हे कोणी फारसे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी माझा उजवा खांदा इतका दुखू लागला की हृदयाची शंका आली. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटलाला होणारी ती चुणचुण होती. चालल्याने आणि दोन दिवसांच्या अवधीने ती गेली. गुंतागुंत नसेल तर बहुतेक जण एक-दोन आठवड्यांत बैठ्या कामावर परततात. जड उचलणे मात्र काही आठवडे टाळावे लागते. शेतमजुराच्या किंवा हमालाच्या घरात त्या आठवड्यांचा अर्थ बुडालेली मजुरी असा होतो, आणि निर्णय घेताना हा हिशेबही वैद्यांसमोर मांडला पाहिजे. पित्त आता थेट आतड्यात झिरपत राहते, त्यामुळे काहींना तेलकट जेवणानंतर पातळ शौचास होते. बहुधा हे काही आठवड्यांत सावरते, आणि टिकले तर त्यावर औषध आहे. जन्मभर तुपाविना वरणभात खाण्याचे कारण नाही. ताप, कावीळ, वाढती पोटदुखी किंवा जखमेतून हिरवट-पिवळा स्राव दिसला, तर मात्र तारखेची वाट न पाहता परत जावे.

शेवटी एक आग्रह. शस्त्रक्रिया झाली की नातेवाइकांच्या हाती खड्यांची बाटली दिली जाते, आणि घरी पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवली जाते. काढलेले पित्ताशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला गेले की नाही, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. लपलेला कर्करोग अनेकदा याच तपासणीत प्रथम उघडकीस येतो, आणि अशा प्रारंभीच्या अवस्थेत तो बरा होण्याची आशा सर्वाधिक असते. ज्या देशात हा रोग नद्यांच्या खोऱ्यांत ठाण मांडून बसला आहे, तिथे ही तपासणी प्रत्येक रुग्णालयात, प्रत्येक विमा-योजनेत अनिवार्य असली पाहिजे. तोपर्यंत आपण एवढे तरी करू या: बाटली विसरली तरी चालेल, पण तो अहवाल हातात घेतल्याशिवाय आणि कोणाकडून तरी समजून घेतल्याशिवाय शस्त्रक्रिया संपली असे मानू नये.