सुगंधी चहाचा धंदा : डब्यावर काय लिहिले आहे?

आमचा धंदा कापडाचा. कळसला आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर साड्या, शाळेचे गणवेश आणि लग्नाचा बस्ता विकण्यात तीस वर्षे गेली. चहाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार इतकाच, की गिऱ्हाईक गादीवर बसले की आधी चहा सांगावा लागतो. तरीही हा विषय घेतला, कारण आमच्या भाच्याला बारामतीत सुगंधी सुट्या चहाचे दुकान टाकायचे आहे. भांडवल काही त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीच्या बचतीतून आणि उरलेले आमच्याकडून. माल पाहिल्याशिवाय आम्ही कधी गाठ उचललेली नाही. चहाचेही तसेच करावे असे ठरले.

भाच्याने पुण्याहून बारा नमुने आणले. रात्र झाली होती म्हणून पुड्या दुकानाच्या माळ्यावर ठेवल्या. सकाळी गुलाबाचा घोट घेतला, मग आंब्याचा, मग चॉकलेटचा. तिन्हींना एकच वास, डांबराच्या गोळ्यांचा! साड्यांच्या गठ्ठ्यांत आम्हीच त्या टाकलेल्या. नमुने वाया गेले, भाचा रुसला. पण धंद्याचे मर्म कळले. चहाची वाळलेली पत्ती शेजारचा वास ओढून घेते. सुगंधी चहाचा व्यापार याच गुणावर उभा आहे, आणि मसाल्याच्या पोत्यांशेजारी डबा ठेवणारा दुकानदार याच गुणाने बुडेल.

दुसऱ्यांदा नमुने घट्ट झाकणाच्या डब्यांत आणून घरी ठेवले. चव घेण्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे : शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटे. सोनाराकडचा काटा आणून तसेच केले. पांढऱ्या कपांत कोरा चहा मांडलेला पाहून शेजारच्या वहिनींनी विचारले, "घरात कुणाला ताप आहे का?" आमच्या भागात बिनदुधाचा चहा आजाऱ्याचा, हे भाच्याने तेव्हाच ध्यानात घ्यायला हवे होते.

आता चवीचे. चॉकलेटचा वास डबा उघडताच घरभर गेला, पण तोंडात काही नाही. आंब्याचे तेच, आंब्याच्या गोळीचा कागद चाटल्यासारखे वाटले. गुलाबात पाकळ्या होत्या, त्या डोळ्यांसाठी. वास मात्र वरून मारलेला. अर्ल ग्रे म्हणून जो चहा विलायतेत नावाजलेला आहे, त्यात बर्गमोट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचे तेल असते. हे फळ मुख्यतः इटलीच्या कॅलाब्रिया भागात होते. पहिला घोट अत्तरासारखा लागला, तिसऱ्या घोटाला आवडू लागला. काश्मिरी काहव्यात हिरवी पत्ती, केशर, वेलची, दालचिनी, बदाम. तो बहिणीने दोनदा मागितला. गवती चहाच्या डब्यात तर चहाचे पानच नव्हते, आणि तो आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर फुकट उगवतो.

खरा थांबलो तो जास्मिनजवळ. जास्मिन म्हणजे आपला मोगराच. चीनमध्ये फूचौ शहराकडे जुनी रीत अशी, की दिवसा कळ्या खुडायच्या, रात्री त्या उमलू लागल्या की पत्तीत मिसळून ढीग लावायचा, सुगंध पत्तीत उतरला की फुले वेगळी काढायची. आणि उत्तम माल हवा असेल तर ताजी फुले घेऊन हे पुन्हा पुन्हा करायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर हे सूत रंगवून विणलेले कापड. तेल फवारून केलेला चहा म्हणजे वरून छापलेले. छापील कापड वाईट असते असे नाही, आम्ही जन्मभर तेच जास्त विकले. पण छापील माल विणलेला म्हणून विकला तर ती फसवणूक होय.

कांजी दिलेले कापड हाताला भरीव लागते, एका धुण्यात त्याचे खरे अंग दिसते. म्हणून आम्ही प्रत्येक पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओतले. जास्मिनने आणि काहव्याने चव दिली. आंबा आणि चॉकलेट यांचे नुसते तांबूस पाणी झाले. हलकी पत्ती सुगंधाखाली खपते, ती अशी.

शेवटी दूध-साखर घातली. बर्गमोट, मोगरा, गुलाब जागीच बुडाले. टिकले फक्त आले, वेलची आणि मसाला. आपल्या घरचा दाणेदार चहा ज्या सीटीसी यंत्रावर होतो, ते १९३० च्या दशकात आसामात निघाले. त्याचा दाणा झटपट आणि गडद उतरतो, म्हणून दुधाला पेलतो. हे सुगंधी नमुने बहुतेक लांब पानाचे होते, त्यांचे ते काम नव्हे.

हिशेबही ऐका. भाच्याच्या यादीत चांगला डबा शंभर ग्रॅमला चारशे रुपये. दोन ग्रॅमने पन्नास कप, म्हणजे नुसती पत्तीच कपाला आठ रुपये. आमच्या चौकात दूध-साखरेसकट कप दहा रुपयांना मिळतो. तेव्हा गिऱ्हाईक हे चौकातले नव्हे. ते भेटवस्तू देणारे, मधुमेहामुळे साखर सोडलेले, किंवा हौशी. ते बारामतीत असेल, पण बारा डबे हलवण्याइतके असेल असे वाटत नाही. सुगंध उडून जातो. साडी पडून राहिली तर निदान सेलमध्ये निघते.

कायद्याने सुगंधी चहा बनवणाऱ्याला टी बोर्डाकडे नोंदणी करावी लागते आणि वेष्टनावर 'सुगंधित चहा' असे सुगंधाच्या नावासह छापावे लागते. चहात रंग मिसळायला तर बंदीच आहे. ओल्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती टाकावी, रंगाचे ओघळ दिसले की समजावे. पण पुडके फोडून माल काचेच्या बरणीत गेला की छापलेले सगळे कचऱ्यात जाते. टेरिकॉटच्या किनारीवर पॉलिएस्टर ६७ टक्के, कॉटन ३३ टक्के असे छापलेले असते आणि आम्ही ते गिऱ्हाइकाला दाखवतो. बरणीवरही पत्ती कुठली, सुगंध फुलाचा की प्रयोगशाळेतला, पुडके कोणत्या महिन्यात फोडले, हे मराठीत लिहावे असे आमचे मत आहे. "मामू, एवढे लिहिले तर चॉकलेट कोण घेईल?" भाचा म्हणाला. आमचाही प्रश्न तोच होता.

बहिणीची रक्कम बँकेतच राहील, हे आम्ही स्पष्ट सांगितले आहे. आमच्याकडून काहवा, जास्मिन आणि वेलची, प्रत्येकी दोन किलो, इतक्या मालाचे पैसे दिले. भाचा अजून बारा डब्यांवर अडून आहे; काल सुताराला बोलावून फळीचे माप मात्र तीन डब्यांचेच दिले.