त्यात काय लिहायचं?

गेल्या शनिवारी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. कारण साधं होतं. पाचवीतल्या लेकीला अपूर्णांक काही केल्या समजत नव्हते आणि शिकवता शिकवता माझा आवाज चढायला लागला होता. तेव्हा आठवलं, दोन वर्षांपूर्वी एका लग्नात आईचा जुना विद्यार्थी भेटला होता. आता एसटीत ड्रायव्हर आहे. म्हणाला, "बाईंचे अपूर्णांक अजून डोक्यात पक्के आहेत. ते दोरीचे!" तेवढ्यात कुणीतरी जेवायला हाक मारली आणि दोरीचे म्हणजे कसे, ते विचारायचं राहूनच गेलं.

आई तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिच्या टाचणवह्या ट्रंकेत नीट बांधून ठेवल्या आहेत. मोजल्या, सत्तावीस भरल्या. म्हटलं, दोरी यात सापडणारच. सापडलं ते असं: 'घटक - अपूर्णांक. शैक्षणिक साहित्य - फळा, खडू, तक्ता.' खाली मुख्याध्यापकांची सही. पुढच्या वर्षीच्या वहीत तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, फक्त शाई बदललेली. सत्तावीस वह्यांत दोरी हा शब्द एकदाही नाही.

आईलाच विचारलं. बराच वेळ आठवत राहिली. "दोरीचं होतं खरं काहीतरी. मैदानात न्यायचे पोरांना. पुढचं नाही रे आठवत."

"अगं, मग लिहून का नाही ठेवलंस?"

"त्यात काय लिहायचं?"

मंडळी, माझं आजचं भांडण या वाक्याशी आहे. आईशी नाही. कारण हे वाक्य मी स्वतः शंभरदा म्हटलंय, आणि तुम्हीही.

आपण लिहीत नाही असं कोण म्हणतं? ढिगाने लिहितो! आई टाचण लिहायची, कारण तपासायला साहेब यायचे. मी दर शुक्रवारी टाइमशीट भरतो, स्टेटस रिपोर्ट पाठवतो आणि अप्रेझलच्या तोंडावर वर्षभर काय दिवे लावले त्यावर दोन पानं खरडतो. घरी दुधाचे खाडे कॅलेंडरवर, गॅस कधी लावला ती तारीख कॅलेंडरवर. थोडक्यात, कुणी तपासणार असेल, विचारणार असेल किंवा पैसे मागणार असेल, तर आपल्याकडे सगळं लेखी असतं. जे आपलं आपल्याला सुचलं त्याला मात्र कुणी साहेब नाही, म्हणून त्याला वहीही नाही. तीस वर्षांच्या नोकरीतली सगळी कारकुनी शिल्लक राहिली आणि शिकवणं तेवढं उडून गेलं. मला हे भयंकर वाटतं.

आता यावर ठरलेले आक्षेप येतात. एकेक घेऊ.

आक्षेप पहिला, आमच्या ऑफिसातल्या एका हुशार गृहस्थांचा. "अरे, कल्पना खरंच चांगली असेल तर ती विसरत नाही. विसरली म्हणजे तेवढी दमदार नव्हती." ऐकायला छान वाटतं. पण यातली गोम बघा. ज्या लक्षात राहिल्या तेवढ्याच कल्पना आपण मोजतो. विसरलेल्या कल्पना साक्ष द्यायला येत नाहीत. मग त्या टाकाऊ होत्या हे या गृहस्थांना कळलं कुठून?

ओटो लोवी या शास्त्रज्ञाचा किस्सा पुष्कळांनी वाचला असेल. ऑस्ट्रियात ग्राझला प्राध्यापक होता. १९२० साली ईस्टरच्या सुमारास रात्री झोपेतून जागा झाला, कागदाच्या कपट्यावर काहीतरी खरडलं आणि परत झोपला. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दिवसभर डोकं खाजवलं, उपयोग शून्य. दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना परत आली. या वेळी गडी कपट्याच्या भरवशावर राहिला नाही. उठला आणि थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची नस चेतवून त्याचे ठोके मंद केले आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्यात घातला, तर दुसरंही मंद झालं. म्हणजे नसेचा निरोप रासायनिक पदार्थातून जातो. या कामासाठी १९३६ साली त्याला हेन्री डेलबरोबर नोबेल मिळालं. किस्सा त्याने स्वतःच सांगून ठेवलाय.

"बघा, परत आली की नाही?" असं ते गृहस्थ म्हणणार. पण याच लोवीने पुढे सांगितलेली गोष्ट लोक सोडून देतात. हीच कल्पना त्याने १९०३ साली एका मित्राशी बोलून दाखवली होती. सिद्ध कशी करायची ते सुचलं नाही म्हणून ती मनाआड गेली आणि वर आली ती सतरा वर्षांनी. नोबेलच्या तोडीची कल्पना सतरा वर्षं विसरली जाते, तिथे तुमच्या-माझ्या अपूर्णांकांच्या दोरीची काय कथा?

आणि विसरण्यातही पक्षपात असतो बरं का. डार्विनने आत्मचरित्रात स्वतःचा एक नियम सांगितलाय. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली किंवा सुचली की न चुकता, तत्काळ टिपून ठेवायची. कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गैरसोयीच्या गोष्टी फार लवकर डोक्यातून निसटतात, हा त्याचा अनुभव. संशोधनच कशाला, आमच्या धंद्यातही हेच. एक बग मी तीन दिवस शोधत होतो. पहिल्याच दिवशी दिसलं होतं की रिपोर्ट फक्त ३१ तारखेला चुकतो. पण माझा संशय डेटाबेसवर होता, तारीख त्यात बसेना, म्हणून चक्क विसरलो. तिसऱ्या दिवशी तेच नव्याने 'सापडलं'. दोन दिवस एका ओळीच्या आळसापायी गेले.

आक्षेप दुसरा. "लोवी, डार्विन ठीक आहेत हो. आमच्या घरात काय असतं लिहिण्यासारखं?" हा आक्षेप नम्रतेचा वेष घालून येतो म्हणून जास्त घातक आहे. डार्विनचंच उदाहरण पुढे नेतो. १८३९ च्या डिसेंबरात त्याला पहिला मुलगा झाला. बाप वही घेऊन बसला. पोरगं कशाने दचकतं, पहिल्यांदा कधी हसतं, राग आला की काय करतं. आपल्या घरात ज्याला "काय बाई करतंय बघा" म्हणून सोडून देतात, तेवढंच ते. त्या नोंदींवरून त्याने १८७७ साली 'माइंड' या नियतकालिकात लेख लिहिला. सदतीस वर्षांनी! बाळाच्या उचकीचं आणि हसण्याचं पुढे काय होणार, हे नोंद करताना त्यालाही कुठे माहीत होतं?

परदेशातलं नको असेल तर आपल्या जळगावकडे या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, काम करता करता गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. त्या दोघांनी "आईच्या गाण्यात काय लिहायचं?" म्हटलं असतं तर? आणि पंचक्रोशीतल्या बाकीच्या जात्यांवर काय कुणाला काही सुचत नव्हतं? हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! त्याआधी ज्या बायका गेल्या, त्यांच्या किती गेल्या याचा हिशोब कुठल्याच कॅलेंडरवर नाही.

काय मोठं नि काय किरकोळ हे लिहितानाच्या क्षणी ठरवता येत नाही. ते ठरवायचा अधिकार नंतरच्या आपल्याला आहे, आणि लिहिलं नसेल तर त्या बिचाऱ्याकडे ठरवायला काही उरतच नाही.

आक्षेप तिसरा खरं तर आक्षेप नाही, आमच्या जमातीचा रोग आहे. "योग्य अ‍ॅप मिळालं की सुरू करणार." मी तीन अ‍ॅप वापरून झालो. टॅग, रंग, फोल्डरात फोल्डर. एका रविवारी संपूर्ण दुपार नोंदी या अ‍ॅपमधून त्या अ‍ॅपमध्ये हलवण्यात घालवली आणि त्यात एक नोंद सापडली: 'शेजारी - टाकी - उलट!!!' तीन उद्गारचिन्हं आहेत, म्हणजे लिहिताना फारच भारी वाटलं असणार. काय होतं, देव जाणे. लोवीचं निदान अक्षर लागत नव्हतं, माझं तर स्वच्छ टाइप केलेलं आहे!

दोष अ‍ॅपचा नव्हता. मी ती ओळ त्या क्षणीच्या माझ्यासाठी लिहिली होती, ज्याला सगळं माहीत होतं. वाचणारा असतो पंधरा दिवसांनंतरचा मी, म्हणजे जवळजवळ परका माणूस. रामानुजन कागद महाग म्हणून पाटीवर गणित करायचे, कोपराने पुसायचे आणि वहीत बहुतेक वेळा फक्त उत्तर उतरवायचे. त्या वह्यांतल्या एकेका सूत्राची सिद्धता लावत ब्रूस बर्न्ट यांनी पाच खंड काढले, १९८५ ते १९९८ या काळात. रामानुजनांना बर्न्ट मिळाले. तुमच्या 'शेजारी - टाकी - उलट'साठी कोण येणार आहे?

तेव्हा उपाय आमच्याच धंद्यातला सांगतो. चांगल्या बग रिपोर्टमध्ये काय असतं? काय चाललं होतं, काय दिसलं आणि ते परत घडवायचं कसं. सुचलेली गोष्ट अशीच लिहा, तीन ओळींत. एक, तेव्हा काय चाललं होतं. दोन, काय सुचलं, पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट. तीन, उद्या करून बघायची सगळ्यात लहान गोष्ट. शिक्षक असाल तर "आज भागाकार शिकवताना मागच्या बाकावरचा एकदम हसला, कारण..." एवढं टाचणाच्या मागच्या पानावर लिहा. साहेब मागचं पान बघत नाहीत. संशोधन करत असाल तर जे रीडिंग बसलं नाही ते आधी. घरात असाल तर पोराचा प्रश्न त्याच्याच शब्दांत. साधन कुठलंही चालेल. दहा रुपयांची वही आणि दोरीला बांधलेलं पेन स्वयंपाकघरात टांगलं तरी काम भागतं.

आणि आठवड्यातून एकदा ते वाचायचं. हे केलं नाही तर बाकी सगळं फुकट. दहातल्या आठ नोंदी भिकार निघतात, हे कबूल. त्यावर काट मारायची. काट मारायलाही आधी समोर काहीतरी असावं लागतं.

एक गोष्ट मात्र विरोधकांच्या पदरात टाकतो. पोर काही सांगत असताना खिशातून फोन काढून टाइप करायला लागू नका. माझ्या लेकीने मला तोंडावर सांगितलंय, "बाबा, तू लिहायला लागलास की मला बोलायचंच नाही." बरोबर आहे तिचं. आधी पूर्ण ऐकायचं, मग पाच मिनिटांनी लिहायचं. पाच मिनिटं टिकतं. पाच दिवस टिकत नाही.

असो. त्या शनिवारी संध्याकाळी वाळत घालायची जुनी दोरी घेऊन आम्ही तिघं गच्चीवर गेलो. आईने दोरी हातात घेतली, दुमडली, परत दुमडली, थांबली. लेकीला एका गाठीवर उभं केलं, "तू दोन चतुर्थांश." मला म्हणाली, "तू एक द्वितीयांश, जा तुझ्या जागेवर." मी मोजून गेलो तर लेक आधीच तिथे उभी. "बाबा, ही माझी जागा आहे!" ती ओरडली, आणि मग एकदम गप्प झाली. दोघांची जागा एकच, हे तिला माझ्याकडून न ऐकता कळलं.

ड्रायव्हरसाहेबांना आठवते ती दोरी हीच का? आई म्हणते, "असंच काहीसं होतं, पण यापेक्षा बरं होतं." ते बरं काय होतं, ते गेलं. ते आता सापडायचं नाही.

उरलेलं तेवढं रात्री मी तीन ओळींत लिहिलं. अठ्ठाविसावी वही काढलीये. आईने वर नाव घातलं आणि सवयीने विचारलं, "सही कोणाची घ्यायची?"

कोणाचीच नाही, आई.