विश्लेषण : समलैंगिकतेवर ज्यू धर्मात एकाच दिवशी दोन परस्परविरोधी मते मान्य कशी झाली?

भाईंदर पश्चिमेत बावन जिनालय सर्वांना ठाऊक आहे, उत्तनकडची चर्चही. ज्यूंचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग पाहायचे तर मात्र ठाणे शहर गाठावे लागते. तिथले ‘शार हाशामाइम’ १८७९ चे. ते उभारणारे बेने इस्रायली घरात मराठी बोलतात. कोकणात घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. समलैंगिकतेबाबत जगभरच्या ज्यूंमध्ये झालेला वाद या समाजापासून वाटतो तितका दूर नाही.

वादाचे मूळ कशात?

तोराहमधील ‘लेवीय’ ग्रंथाच्या १८ व्या आणि २० व्या अध्यायांत पुरुषांमधील लैंगिक संबंधांना मनाई आहे. सनातनी, म्हणजे ऑर्थोडॉक्स पंथ ती आजही बंधनकारक मानतो. उदारमतवादी रिफॉर्म पंथाच्या अमेरिकेतील रब्बींनी १९७७ मध्ये समलैंगिकता गुन्हा ठरवणारे कायदे रद्द करण्याची मागणी केली. १९९० मध्ये समलिंगी रब्बींना मान्यता दिली.

खरी कसोटी लागली ती मधल्या वाटेने जाणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाची. ६ डिसेंबर २००६ रोजी न्यू यॉर्कमध्ये त्यांच्या २५ सदस्यांच्या धर्मशास्त्र समितीपुढे दोन प्रमुख मते होती. एक बंदी कायम ठेवणारे, दुसरे बरीचशी शिथिल करून समलिंगींना रब्बी होण्याची मुभा देणारे. दोन्हींना १३-१३ मते पडली! बेरीज २६ होते, कारण एका सदस्याने दोन्हींच्या बाजूने मत दिले. दोन्ही मते अधिकृत ठरली आणि कोणते पाळायचे हे स्थानिक रब्बीवर सोपवले गेले. नाराज झालेल्या चार सदस्यांनी राजीनामे दिले.

ही पद्धत आली कुठून?

सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्नामध्ये हरलेल्या पक्षाचे मतही नोंदवलेले असते. पुढच्या काळातल्या न्यायपीठाला कदाचित त्याचा आधार घ्यावासा वाटेल, असे कारण तिथेच दिले आहे. हिल्लेल आणि शम्माई या दोन गुरुकुलांच्या वादात हिल्लेलचा पक्ष सरस ठरला, कारण तो आधी प्रतिपक्षाचे म्हणणे सांगत असे, असे तालमुद म्हणते. पण मर्यादाही होत्या. विरोधी मत शिकवण्याची मोकळीक होती, न्यायपीठाचा निर्णय झुगारून तसा निवाडा देण्याची नव्हती. आणि मत नोंदवून घेणे वेगळे, माणसाला पंगतीत बसवणे वेगळे. १६५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ज्यूंनी तत्त्वज्ञ स्पिनोझाला बहिष्कृतच केले होते.

मराठी ज्यूंचा अनुभव काय?

धर्मपीठाच्या अविश्वासाची झळ त्यांनी स्वतः सोसली आहे. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायलींचे ज्यूपण शुद्ध आहे का, याची लग्नापूर्वी चौकशी करण्याचे निर्देश तिथल्या मुख्य रब्बींनी १९६२ मध्ये दिले. समाज आंदोलनात उतरला. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

त्याआधी मुंबईतही वेगळी चूल मांडली गेली होती, तीही एका स्त्रीच्या पुढाकाराने. कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड लंडनमध्ये शिकत असताना लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी चळवळीच्या संपर्कात आल्या. १९२५ मध्ये मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन झाली. बहुसंख्य बेने इस्रायली मात्र जुन्याच रीतीने चालत राहिले.

मग समलिंगी तरुणासाठी वाट कोणती?

भारतात ज्यूंची संख्या जेमतेम पाच हजारांच्या घरात. प्रार्थना चालवायला हझान असतो, पण निवाडे देणाऱ्या स्थानिक रब्बींची परंपरा नाही. त्यामुळे अमेरिकेसारखी मतांची फाळणी इथे औपचारिकपणे होणे कठीण. निर्णय घरात आणि नातेवाइकांत होतो. इतक्या लहान समाजात लपून राहणेही सोपे नसते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून संमतीचे संबंध वगळले, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. इस्रायलमध्ये परदेशात झालेल्या अशा विवाहांची सरकारदरबारी नोंद करण्याचा आदेश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच दिला. देशातल्या देशात ज्यूंचे लग्न लावण्याचा अधिकार मात्र अजूनही सनातनी धर्मपीठाकडेच आहे.