‘लोकांना हे समजणार नाही’ हा निवाडा कोणाचा?

एखाद्या कलाकृतीवर बंदी घालावयाची तर शासनाला कायद्याचे कलम शोधावे लागते, आदेश काढावा लागतो, प्रसंगी न्यायालयात त्याचे समर्थन करावे लागते. परंतु ‘लोकांना हे समजणार नाही’ एवढे चार शब्द उच्चारले की यापैकी कशाचीच गरज उरत नाही. कलाकृती आपोआप अडगळीत जाते, आणि ती तेथे कोणी टाकली याचा जाबही कोणाला द्यावा लागत नाही. कमल स्वरूप यांच्या ‘ओम दर-ब-दर’ या हिंदी चित्रपटाचा इतिहास हा या चार शब्दांच्या सामर्थ्याचा इतिहास आहे.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे जनतेच्या पैशातून हा चित्रपट तयार झाला. १९८८ साली तो बर्लिनच्या महोत्सवात दाखविण्यात आला. पुढच्याच वर्षी त्याला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही मिळाला. परंतु ज्या जनतेच्या पैशातून तो निघाला, तिला तिकीट काढून तो पाहण्याची पहिली संधी मिळाली ती १७ जानेवारी २०१४ रोजी, आणि तीही मोठ्या शहरांतील मोजक्या मल्टिप्लेक्समध्ये. मधल्या सव्वीस वर्षांत या देशाने आठ पंतप्रधान पाहिले; हा चित्रपट मात्र पाहिला नाही.

या चित्रपटात असे आहे तरी काय? अजमेर-पुष्करच्या परिसरात वाढणारा ओम नावाचा एक शाळकरी मुलगा आहे. त्याचे वडील सरकारी नोकरी सोडून ज्योतिषी बनतात. त्याची थोरली बहीण आपल्या मर्जीने जगू पाहते. मुलाला विज्ञानाची ओढ आहे आणि जादूटोण्याचीही. दीर्घकाळ श्वास रोखून धरण्याची करामत त्याला साधलेली आहे. पुढे बेडूक येतात, हिरे येतात, जाहिरातींची भाषा येते, पुराणे येतात. घटनेमागून घटना येते, पण पहिलीमुळे दुसरी घडते असे नाही. मध्येच पात्रे गाऊ लागतात. रजत ढोलकिया यांच्या चाली कानाला गोड लागतात आणि शब्द बुद्धीला चकवतात. एका गाण्यात तर बेडकाच्या शास्त्रीय नावाचाच घोष आहे. स्वप्नात जसा तर्क चालतो तसा तर्क येथे चालतो.

हा चित्रपट सोपा नाही, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. परंतु तो कोणाविषयी आहे, हेही पाहिले पाहिजे. कारकुनी सोडून पत्रिका मांडणारा बाप, रेडिओ आणि जाहिराती यांतून जगाची ओळख करून घेणारे पोर, विज्ञानाचे पाठ्यपुस्तक व तीर्थक्षेत्राचा बाजार यांच्यामध्ये सापडलेले गाव: ही भारतातील हजारो तालुक्यांच्या गावांतील निम्नमध्यमवर्गाची मनोभूमी आहे. म्हणजे जे लहान गाव या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे, नेमक्या त्याच गावापर्यंत तो पोचू दिला गेला नाही. त्याच्या प्रेक्षकाला पडद्यावर स्थान मिळाले, खुर्चीवर मात्र मिळाले नाही.

यावर प्रतिक्रिया उमटल्या त्या तीन प्रकारच्या, आणि तिन्ही तपासून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली प्रतिक्रिया व्यापाराची व नोकरशाहीची. १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनवर संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने १९७६ साली जी टीका केली, तिचा मथितार्थ हाच होता की, धंद्यातील यशाचा विचार न करता येथे कलात्मक चित्रपटांना कर्जे दिली जातात. १९८० साली ही संस्था चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, पण तो मथितार्थ महामंडळाच्या मानगुटीवर बसून राहिला. निर्मितीला पैसा द्यावयाचा आणि प्रदर्शनाची व्यवस्था मात्र खाजगी वितरकांच्या मर्जीवर सोडावयाची, हे त्याचे फलित. पिकाला कर्ज द्यावे, बाजाराकडे जाणारा रस्ता बांधू नये, आणि माल शेतातच कुजला की शेतकऱ्याला नालायक ठरवावे, असाच हा न्याय. त्याच वर्षी शिवराम कारंत यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने राष्ट्रीय चित्रपट धोरणाचा अहवाल देताना चलच्चित्र अकादमीची शिफारस केली होती. केंद्रात ती अकादमी उभी राहिली नाही. केरळने मात्र १९९८ साली आपली राज्य अकादमी स्थापन केली.

दुसरी प्रतिक्रिया भक्तांची. चित्रपटगृहाची दारे बंद असताना या चित्रपटाच्या नकलांच्या नकला चित्रपटशाळांच्या वसतिगृहांतून आणि रसिकांच्या घरांतून फिरत राहिल्या. ज्यांनी त्या जपल्या, त्यांचे ऋण आहेच; त्यांच्यामुळे कृती जिवंत राहिली. अनुराग कश्यप यांच्यासारख्या पुढील पिढीतील दिग्दर्शकांनी तिचा प्रभाव मान्य केला. परंतु दुर्मिळ वस्तूभोवती जो पंथ जमतो, त्याला कालांतराने तिच्या दुर्मिळतेचेच प्रेम जडते. ‘तुम्ही पाहिला नाही?’ या प्रश्नात कुतूहल कमी आणि सोवळे अधिक असते. न कळणे ही मग अडचण राहत नाही, ते बिरुद होते. वितरक म्हणतो, लोकांना कळणार नाही म्हणून दाखवीत नाही. भक्त म्हणतो, लोकांना कळत नाही म्हणूनच तो थोर. दोघांची भाषा वेगळी असली तरी लोकांविषयीचे मत एकच आहे. चित्रपट अखेर मल्टिप्लेक्सच्या वातानुकूलित दालनात, कामगाराला न परवडणाऱ्या दरात, निवडकांच्या सोहळ्यासारखा अवतरला, तेव्हा या दोन्ही मतांचा संगम पूर्ण झाला.

तिसरी प्रतिक्रिया घरातली आहे, म्हणून ती अधिक कठोरपणे तपासली पाहिजे. डाव्या व समाजवादी चळवळीतील कित्येक कार्यकर्ते अशी कृती पाहिली की पहिला प्रश्न करतात: यातून संदेश कोणता? शोषक कोण, शोषित कोण, शेवटी झेंडा कोणी उचलला? हे नीट सांगता आले नाही की ‘बूर्झ्वा विक्षिप्तपणा’ असा शिक्का मारून ते मोकळे होतात. या वृत्तीत जनतेविषयीचा कळवळा दिसतो, परंतु तिच्या मुळाशी गृहीतक तेच आहे: कष्टकऱ्याला सरळ, सोपे, चमच्याने भरविलेलेच पचते. भाकरीचा लढा लढणाऱ्या माणसाला स्वप्ने पडत नाहीत काय? आणि पडत असतील तर ती कोणत्या ठरावाच्या भाषेत पडतात?

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने तर हे गृहीतक मुळीच बाळगू नये. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या एका शब्दावरून दुसऱ्यावर उडी मारतो, कार्यकारणभाव उधळून लावतो, राजाला प्रधानाकडून आणि प्रधानाला शिपायाकडून फजीत करवतो. यात गाणे कधी सुरू झाले आणि बोलणे कधी संपले, असा प्रश्न फडावरील प्रेक्षकाने कधी विचारल्याचे ऐकिवात नाही. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, भूत लागते, जोशी येऊन भविष्य सांगतो. अक्षरओळख नसलेला श्रोता ते रूपक शतकानुशतके ऐकत आला. ज्या समाजाला जोशाचे भारूड कळते, त्याला ओमचा ज्योतिषी बाप कळणार नाही, हे विद्वानांनी ठरवावे? कमल स्वरूप स्वतः पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकले आणि १९७६ साली आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या मराठी चित्रपटाच्या चार दिग्दर्शकांपैकी ते एक होते. कथन, गाणे आणि नाच एकमेकांत मिसळण्याची रीत त्यांनी तेथे जवळून हाताळली होती.

येथे कोणी म्हणेल की, हा सारा युक्तिवाद कागदावरचा आहे; प्रत्यक्षात गावकरी दहा मिनिटांत उठून जातील. उठून जातीलही. काही जण शिट्या मारतील, काही जण गाण्यापुरते थांबतील, एखादी शाळकरी मुलगी रात्रभर त्याच विचारात राहील. नाकारण्याचा अधिकार प्रेक्षकाचाच आहे. मात्र तो बजावण्यासाठी आधी पाहण्याचा अधिकार मिळावा लागतो. शिवाय उलट बाजूचा अनुभवही या देशात आहे. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘ओडेसा’ समूहाने गावोगाव चित्रपट दाखविले, सामान्य माणसांकडून वर्गणी जमविली आणि त्यातून ‘अम्मा अरियान’ (१९८६) हा चित्रपट उभा केला. तोही सरळ गोष्ट सांगणारा चित्रपट नव्हे. तरी तो लोकांच्या पैशावर निघाला आणि लोकांपर्यंत गेला, कारण मध्ये ‘समजणार नाही’ म्हणणारा कोणी दलाल ठेवलेला नव्हता.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, बालचित्रपट संस्था आणि चित्रपट महोत्सव संचालनालय यांचे चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे जनतेच्या पैशातून जमलेला चित्रपटांचा हा प्रचंड ठेवा एका छत्राखाली आणण्यात आला. तो कोणासाठी, हा प्रश्न चळवळीने विचारला पाहिजे. सार्वजनिक निधीतून निघालेला प्रत्येक चित्रपट ग्रामपंचायत, सार्वजनिक वाचनालय, शाळा आणि कामगार संघटना यांना विनामूल्य दाखविता आला पाहिजे, ही मागणी रोजगाराच्या वा रेशनच्या मागणीपुढे क्षुल्लक वाटेल. परंतु सार्वजनिक मालमत्तेवर जनतेची मालकी हे तत्त्व धरणाच्या पाण्याला लागू आहे, तर ते चित्रपटाच्या रिळालाही लागू आहे.

आणि मागणी मान्य होण्याची वाट न पाहता एक काम करता येण्यासारखे आहे. जेथे जेथे पक्षाची शाखा, अभ्यासवर्ग किंवा वाचनालय आहे, तेथे रीतसर परवानगी घेऊन असा एखादा ‘न समजणारा’ चित्रपट लावावा. आधी प्रास्ताविक करू नये, नंतर बौद्धिक घेऊ नये. दिवे लागल्यावर कार्यकर्त्याने गप्प बसावे आणि लोक काय बोलतात ते ऐकावे. लोकांविषयी निवाडे देणाऱ्यांची संख्या पुष्कळ झाली आहे. लोकांचा निवाडा ऐकणाऱ्यांची फार थोडी आहे.