घरचा वाफा

परवा आमच्या रूमवरच्या एका मित्राने ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं. वर हिरवं पान, ठळक अक्षरात 'ऑरगॅनिक' आणि किंमत मंडईतल्या ज्वारीच्या दुपटीहून जास्त! मी हसलो, तर साहेब रागावले.

मित्रांनो, हसू नको तर काय करू? आपली मालदांडी ज्वारी, म्हणजे मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्याच्या आधी निवडलेलं एम ३५-१ हे वाण, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर काढायची. बियाण्याला गंधक चोळलं, कुणी थोडा युरिया टाकला, की झालं. कोरडवाहू रानात औषध मारणं परवडतच नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती सोडून आपण मेसमध्ये मैद्याचे नूडल्स खातो आणि मग आरोग्यासाठी पाकीट विकत घेतो.

पण खरा प्रश्न ज्वारीचा नाहीच. तो डाळिंबाचा आणि भाजीचा आहे, आणि तो आमच्याच घरातला आहे.

आमची सांगोल्याकडे दोन एकर बाग आहे. डाळिंबावर तेल्या आला की फळावर तेलकट डाग पडतो, मग ते तडकतं. रोग जिवाणूचा, पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो. त्यामुळे आभाळ आलं की अण्णा पंप पाठीवर घेतात. तोंडाला टॉवेल, बस्स. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा आई आठवडाभर त्यांच्याशी धड बोलली नव्हती. आपण मात्र 'विषमुक्त अन्न' म्हणताना फक्त खाणाऱ्याचा विचार करतो!

विहिरीजवळ आईचा एक वाफा आहे. मेथी, मिरच्या, चार वांगी. त्याला फवारा लागत नाही. शेजारी विक्रीची वांगी, त्यांना लागतो. लहानपणी यात मला काही वावगं वाटलं नाही. फर्स्ट इयरला मेसच्या ताटात चकचकीत वांगं आलं आणि एकदम लक्षात आलं, अरे, हे शेजारच्या वाफ्यातलं!

सुट्टीत अण्णांना विचारलं, "सगळंच घरच्यासारखं का नाही पिकवायचं?"

"किडकं वांगं तुझे होस्टेलवाले घेतील का रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रमाणपत्राचं गणित तर आणखी अवघड. सरकारी नियमाप्रमाणे हंगामी पिकाला दोन आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतराची. तेवढा काळ उत्पन्न घटणार आणि भाव साधाच मिळणार. ती वर्षं कुणी सोसायची? श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. म्हणून 'उद्यापासून सगळं सेंद्रिय' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. पाकीट नको, शेतकरी गाठा. आपल्या वर्गात निम्मी पोरं शेतकऱ्यांचीच आहेत की! लहान शेतकऱ्याने थेट ग्राहकाला सेंद्रिय माल विकला तर प्रमाणपत्राची सक्ती नाही, हे २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांतच आहे. मात्र वाकडं वांगंही पूर्ण भावाने घ्यायचं. तिथे घासाघीस केली की अण्णा परत पंप उचलणार, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

यंदा अण्णांनी दोन ओळी बिनफवारणीच्या ठेवल्या. कामगंध सापळे लावले, निंबोळी अर्क मारला, किडके शेंडे आईने खुडले. मेसच्या काकू घ्यायला तयार झाल्या. पहिल्या आठवड्यात नऊ किलो निघाली, त्यात तीन किलो किडकी. काकूंनी दोन-चार चिरून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि पैसे नऊ किलोचे दिले. पुढच्या आठवड्याचं अजून काही बोलल्या नाहीत.